टर्बो पोलो, रीमॅप आणि आरसीवरचा एक आकडा

29 डिसेंबर 2024, रविवार. वाईला आईकडे निघाले होते. खंबाटकीच्या चढावर उसाने खचाखच भरलेला ट्रक पुढे रांगत होता. उजवी लेन मोकळी दिसली म्हणून इंडिकेटर देऊन बाहेर निघाले आणि पाय दाबला. गिअर खाली पडायला वेळ लागला, आणि पडल्यावरही जी ताकद यायला हवी ती आलीच नाही. मागून एसटी वेगात येत होती. चालकाने हॉर्न वाजवत ब्रेक लावला म्हणून निभावलं. वर पोचेपर्यंत माझे तळहात ओले झाले होते. शेजारी बसलेला नवरा काही बोलला नाही, आणि तो बोलत नाही तेव्हा तो खरोखर घाबरलेला असतो.

गाडी 2018 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस ताकद, 175 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे खेच), सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. 2023 मध्ये सेकंड हँड घेतली. कोथरूड ते चाकण रोजचं जाणं-येणं आणि महिन्यातून दोनदा वाई, एवढं तिचं काम. खंबाटकीच्या त्या दिवशी मीटरवर 71,400 किलोमीटर झाले होते. घरात ही एकच गाडी, त्यामुळे महिनाभर गॅरेजमध्ये उभी ठेवण्याची चैन परवडणारी नव्हती. त्या रात्रीच मी ठरवलं की इंजिन ट्यून करून घ्यायचं. मनातला विचार साधा होता: 105 चे 135 झाले तर ओव्हरटेक करताना पुन्हा अशी वेळ येणार नाही.

पुढचे दोन आठवडे वाचनात गेले. ट्यूनिंगच्या दुनियेत नवीन असणाऱ्याला आधी शब्दच अडवतात, म्हणून मला जे उमगलं ते सांगते. रस्त्यावरच्या टर्बो गाडीसाठी मोटामोटी तीन वाटा आहेत.

पहिली वाट ट्यूनिंग बॉक्सची. टर्बोने हवा किती दाबली हे मोजणाऱ्या सेन्सरच्या आणि इंजिनच्या संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या, मध्ये ही छोटी डबी बसते. ती ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब सांगते, मग ईसीयू टर्बोकडून जास्त दाब मागतो. दहा मिनिटांत बसते, दहा मिनिटांत निघते. पण तिला इंधन किती जातंय, ठिणगी कधी पडतेय, याची खबर नसते. संगणकाला खोटं सांगून काम काढून घ्यायचं, ही कल्पनाच मला रुचली नाही.

दुसरी वाट रीमॅपची. ईसीयूतली फाइलच बदलायची. दाब, इंधन, ठिणगीची वेळ, टॉर्कच्या मर्यादा हे सगळं एकमेकांशी जुळवून नव्याने लिहायचं. यंत्रात काही न बदलता फक्त फाइल बदलली की त्याला स्टेज वन म्हणतात. यातही दोन प्रकार: एखाद्या मोठ्या नावाची तयार फाइल विकत घेणं, किंवा तुमच्याच गाडीचे लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद, बघून बेतलेली फाइल करून घेणं. शिंप्याकडून शिवून घेतलेला आणि दुकानातून आणलेला कपडा यांत जो फरक, तोच इथे.

तिसरी वाट म्हणजे मूळ ईसीयू काढून मोटेक किंवा हॅलटेकसारखा स्वतंत्र ईसीयू बसवणं. रेसिंगच्या गाडीला तो शोभतो. रोजच्या आधुनिक गाडीत मात्र ईसीयू सतत गिअरबॉक्सशी, एबीएसशी, चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरशी आणि डॅशबोर्डशी बोलत असतो. तो संवाद तुटला की एसी लावतानाही अडचण. ही वाट मी पहिल्याच दिवशी सोडली.

11 जानेवारीला पहिल्या ट्यूनरकडे गेले. दुकान चकचकीत, भिंतीवर मोठमोठे आकडे. त्यांनी गाडीचं बॉनेट न उघडता सांगितलं, “मॅडम, 145 पीएस आणि 260 न्यूटन मीटर. दोन तासांत गाडी परत. 28,000.” मला धास्ती वाटली, त्याचं कारण गिअरबॉक्स. या पोलोत जो सात गिअरचा डीएसजी आहे, तो डीक्यू 200 नावाचा, कोरड्या दुहेरी क्लचचा. त्याची क्षमता 250 न्यूटन मीटरची. त्यांना तसं विचारलं तर म्हणाले, “काही होत नाही, सगळे करतात.” या गिअरबॉक्सचा क्लच आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा नियंत्रक भाग) बदलायचा खर्च लाखाच्या घरात जातो. मी नमस्कार करून बाहेर पडले.

18 तारखेला दुसरीकडे. इथे परदेशी नावाची तयार फाइल, 42,000 रुपये, आकडे संयमी. माणूसही प्रामाणिक वाटला. पण मी कुठलं पेट्रोल भरते हे त्याने विचारलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जास्त दाबावर कमी ऑक्टेनचं पेट्रोल ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप पेट घेतं, त्याला नॉक म्हणतात. नॉक ऐकू आला की ईसीयू ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि विकत घेतलेली ताकद तिथेच परत जाते. शहरात एक्सपी 95सारखं जास्त ऑक्टेनचं काही ना काही मिळतं, पण रोजच्या गाडीत आडगावच्या पंपावर जे मिळेल ते भरावं लागतं. त्यात आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉल. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो हे खरं, पण त्याच्यात ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. माझी गाडी ज्या काळात बनली त्या काळात ई 20 पंपावर नव्हतं. ज्याच्या फाइलमध्ये या गोष्टीचा विचार नाही, त्याच्या हातात मी इंजिन देणार नव्हते.

25 जानेवारीला तिसऱ्या माणसाकडे गेले, माझ्या मामेभावाच्या ओळखीने. पत्र्याची शेड, आत गाडीची ताकद मोजणारा एक डायनो, दोन गाड्या उघड्या पडलेल्या. त्याने पहिला प्रश्न विचारला, “ताई, गाडी कोण चालवतं आणि कुठे?” मी खंबाटकीचा प्रसंग सांगितला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “105 पीएसची गाडी त्या चढावर अशी मरायला नको. तुम्हाला जास्त ताकद हवी आहे की आहे ती मिळत नाहीये, ते आधी बघू. तोपर्यंत मी पैसे घेत नाही.” स्टेज वनचा त्याचा भाव 36,000 होता, टॉर्क 225 च्या वर नेणार नाही असं त्याने स्वतःहून सांगितलं. माझं मन तिथेच बसलं.

डायनोची वेळ मिळायला दोन आठवडे लागले. 8 फेब्रुवारी, शनिवार, सकाळी नऊ. पुढची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी बांधलेली, समोर मोठा पंखा. पहिल्यांदा गाडी जागच्या जागी किंचाळताना ऐकली तेव्हा पोटात गोळा आला. मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. डायनो चाकांवर पोचणारी ताकद मोजतो आणि कंपनीचा आकडा इंजिनच्या क्रँकवरचा असतो. मध्ये गिअरबॉक्स आणि बेअरिंगांत दहा-पंधरा टक्के जातात. म्हणजे माझ्या गाडीचे 90 च्या आसपास यायला हवे होते. तीन फेऱ्या झाल्या. आले 78 पीएस आणि 131 न्यूटन मीटर.

त्याने लॅपटॉपवर लॉग दाखवला. दोन रेघा होत्या: ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. मागणी 1,620 मिलिबार, मिळकत 1,430. हा दाब एकूण असतो, म्हणजे वातावरणाचा धरून. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर असल्यामुळे इंजिन बंद असताना इथे सेन्सर 950 च्या आसपास दाखवतो. ते वजा करा, म्हणजे टर्बोने कमावलेला दाब किती कमी पडत होता ते कळेल. शिवाय वरच्या आरपीएमला दोन सिलिंडरमध्ये ठिणगी अडखळत होती. त्या दिवशी कुणी या गाडीवर स्टेज वनची फाइल चढवली असती, तर टर्बो तो न मिळणारा दाब भरून काढायला जिवाच्या आकांताने फिरत राहिला असता. पहिल्या दुकानात बॉनेटही उघडलं गेलं नव्हतं हे आठवून मला तेव्हा खरंच राग आला.

15 ते 20 फेब्रुवारी गाडी कामाला दिली. मी बसने चाकणला गेले, रोज पावणेदोन तास एका बाजूला. इंजिनच्या हवेच्या वाटेत धूर सोडून गळती शोधतात, त्या स्मोक टेस्टमध्ये टर्बोकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडावरून धुराची बारीक धार निघाली. आतलं रबरी सील कडक होऊन चिरलं होतं. स्पार्क प्लग झिजलेले. आधीच्या मालकाने कधी बदलले होते याची नोंद नव्हती. तिसरी गोष्ट कार्बन. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून ते वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर काजळीचा थर बसतो. इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड काढून त्याने मला टॉर्च धरून दाखवलं. तव्याच्या पाठीला बसतं तसं काळं, खडबडीत.

खर्च जसा झाला तसा लिहिते: दोन वेळचा डायनो 5,000, प्लग 3,600, सील आणि पाइप 2,900, कार्बन काढणं 11,000, स्मोक टेस्ट 800, मजुरी 4,500. एकूण 27,800 रुपये.

22 फेब्रुवारीला त्याच डायनोवर, त्याच वेळी, त्याच चौथ्या गिअरमध्ये पुन्हा मोजलं. हे तिन्ही सारखं ठेवायला विसरू नका, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि पहिली फेरी गरम होण्यासाठी म्हणून सोडून द्या. 91 पीएस, 152 न्यूटन मीटर. मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबाच्या रेघा जवळजवळ एकमेकींवर. मला भरून आलं. आता गाडी निरोगी होती, आता फाइल करायला हरकत नव्हती. मी 5,000 रुपये आगाऊ दिले आणि मार्चअखेरची तारीख घेतली.

मधल्या काळात एक मेल मी 10 फेब्रुवारीलाच पाठवून ठेवली होती, विमा कंपनीला. ती नवऱ्याच्या आग्रहाने. त्याचं म्हणणं एवढंच होतं, “उद्या तुझ्याकडून कुणाला लागलं आणि कंपनीने हात वर केले तर?” मेलमध्ये सरळ विचारलं: ईसीयूची फाइल बदलून इंजिनची ताकद वाढवली तर माझी पॉलिसी चालू राहील का, आणि त्याची नोंद कशी करायची? दोन ओळींची पोच आली, तक्रार क्रमांक मिळाला आणि मग शांतता. दर चार दिवसांनी फोन केला. तीन वेळा मला सीएनजी किटच्या नोंदीची माहिती सांगण्यात आली. 6 मार्चला, म्हणजे 24 दिवसांनी, लेखी उत्तर आलं. सारांश असा: इंजिनची ताकद बदलणारा कुठलाही बदल आधी आरसीवर नोंदवलेला असला पाहिजे, तशी नोंद दाखवली तरच पॉलिसीत दुरुस्ती करता येईल, न कळवलेल्या बदलाचा दाव्यावर परिणाम होऊ शकतो.

तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःचं आरसी कार्ड नीट वाचलं. 2023 मध्ये गाडी नावावर झाली तेव्हा नवीन कार्ड आलं होतं. त्यावर सीसीच्या शेजारी अश्वशक्तीचा आकडा छापलेला आहे. इतकी वर्षं ते कार्ड पाकिटात होतं आणि माझी नजर तिथे कधी गेली नव्हती.

मग कायदा वाचला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ ठाम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम वाचून मला फारसं काही वाटलं नाही. विमा कंपनीच्या पत्रातली शेवटची ओळ मात्र डोक्यातून जाईना.

तरी एक दार ठोठावून बघायचं ठरवलं. धुळवडीच्या सुट्ट्या संपल्यावर 17 मार्चला, सोमवारी, अर्धा दिवस रजा टाकून आरटीओत गेले. आरसी, विमा, पीयूसी, विमा कंपनीचं पत्र आणि साध्या कागदावर लिहिलेला अर्ज, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने वरच्या मजल्यावर. तिथले साहेब वयस्कर होते, त्यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, “बाई, सीएनजी किटला फॉर्म आहे, कारण त्या किटला चाचणी संस्थेची मान्यता असते. तुमच्या या सॉफ्टवेअरला मान्यतेचं प्रमाणपत्र आणा, मी नोंद करतो.” मी विचारलं, प्रमाणपत्र कोण देतं? “एआरएआय ही चाचणी संस्था देते, पण किट बनवणाऱ्या कंपनीला. एकट्या गाडीला नाही.” ते तुटकपणे बोलले नाहीत, उलट अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारून माझी प्रत परत दिली. म्हणाले, ठेवा, तुम्ही विचारलं होतं याचा पुरावा.

म्हणजे विम्याला आरसीवर नोंद हवी, नोंदीला मान्यता हवी, आणि मान्यता मिळेल असा रस्ता एका गाडीच्या मालकासाठी नाही. तासभर मी आवारातल्या चहाच्या टपरीवर बसून होते. मनापासून सांगते, करून टाकावं असं फार वाटलं. फाइल बाहेरून दिसत नाही. पीयूसीत सहज पास होते. सगळे करतात. आणि नेमकं हेच वाक्य पहिल्या दुकानात ऐकून मी उठून आले होते.

त्या आठवड्यात मी गाडी रोज नीट लक्ष देऊन चालवली. डीएसजी ‘डी’मध्ये मायलेजसाठी लवकर वरच्या गिअरला जातो, त्यामुळे पाय दाबल्यावर दोन-तीन गिअर खाली यावं लागतं. घाटात आधीच ‘एस’मध्ये, म्हणजे स्पोर्टमध्ये, किंवा हाताने तिसऱ्यात घेतलं की टॉर्क तिथेच हजर असतो, हे इंजिन 1,500 आरपीएमपासून पूर्ण टॉर्क देतं. दोन वर्षांत मी हा गिअर हाताने दहा वेळाही टाकला नव्हता. सील बदललेली, ठिणगी स्वच्छ असलेली गाडी आणि योग्य गिअर, एवढ्यात मला हवं होतं ते बरंचसं आलं होतं.

23 मार्चला ट्यूनरला फोन करून नाही म्हणून सांगितलं. अवघड गेलं, कारण त्याच्यामुळेच गाडी सुधारली होती. विम्याचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, “ताई, बरोबर आहे. 80,000 किलोमीटरला पुन्हा लॉग काढायला या.” संध्याकाळच्या आत आगाऊ दिलेले 5,000 खात्यात परत आले.

ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत सर्व्हिस सेंटरच्या संगणकाला फाइल बदललेली सापडली की गाडीच्या नावावर टीडी-वन अशी खूण लागते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अडते. नंतर मूळ फाइल परत घातली तरी ती खूण आपोआप जात नाही. मूळ फाइल आहे ना, मग कधीही मागे येता येईल, या भरवशावर राहू नका.

30 मार्चला पाडवा होता. सकाळी लवकर निघालो. खंबाटकीच्या पायथ्याशी गिअर हाताने तिसऱ्यात घेतला, नवरा मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे वाचत होता: मागणी 1,610, मिळकत 1,590. पुढे पुन्हा उसाचाच ट्रक होता. बाहेर निघाले, पुढे गेले, परत डाव्या लेनमध्ये आले. वाईला पोचलो तेव्हा आई गुढीला साखरेची गाठी बांधत होती.

एक शेवटचं काम 1 एप्रिलला केलं, तुम्हीही विचारणा केली असेल तर करा. विमा कंपनीला त्याच तक्रार क्रमांकावर मेल टाकली की इंजिनात कोणताही बदल केलेला नाही आणि करणार नाही, आणि तशी पोच लेखी मागितली. नाहीतर ‘ही बाई ताकद वाढवायचं विचारत होती’ एवढीच नोंद त्यांच्याकडे उघडी राहते. पोच नऊ दिवसांनी आली. ती, डायनोचे दोन कागद आणि आरटीओचा शिक्का असलेला अर्ज आता गाडीच्या फाइलमध्ये एकत्र लावून ठेवलेत.